चित्रांच्या गटात फक्त ‘वा, सुंदर!’ उरतं तेव्हा

प्रश्न असा आहे: चित्रकारांचा एक ऑनलाइन गट, सदस्य साधारण सव्वाशे. पहिले काही महिने चित्रांवर मनापासून बोलणं व्हायचं. आता रोज पंधराएक चित्रं येऊन पडतात आणि त्यांखाली ‘वा’, ‘अप्रतिम’, अंगठे नि फुलं. जाणकार मंडळी गप्प झाली आहेत. कुणी खटकलेलं लिहिलं की वाद पेटतो. चर्चा पुन्हा सुरू कशी करायची आणि टिकवायची कशी?

सदस्य उथळ झाले, पूर्वीसारखी माणसं राहिली नाहीत, अशा निष्कर्षावर लगेच येऊ नका. बहुतेक वेळा माणसं तीच असतात, हिशेब बिघडलेला असतो. तो आधी कागदावर मांडा.

एखाद्या चित्रावर चित्रकाराच्या उपयोगी पडेल असं काही लिहायचं तर ते निदान पाच मिनिटं पाहावं लागतं. पाहिलेलं शंभर-सव्वाशे शब्दांत नीट उतरवायला आणखी दहा मिनिटं जातात. म्हणजे एका प्रतिसादाला पंधरा मिनिटं. एकाच्या नजरेवर विसंबता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्राला असे तीन तरी प्रतिसाद हवेत. झाला पाऊण तास. रोज पंधरा चित्रं म्हणजे आठवड्याला १०५, आणि त्यांना लागणारा वेळ जवळपास ७९ तास. हा वेळ देणारी माणसं किती? ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का सतत लिहितो, असा ठोकताळा संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला. तो प्रत्येक गटाला तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतो. सव्वाशे जणांत लिहिणारे बारा-तेरा. त्यांनी प्रत्येकी आठवड्याला एक तास दिला तरी बारा तास होतात, म्हणजे सोळा चित्रं. मागणी १०५ची, ताकद १६ची. उरलेल्या ८९ चित्रांच्या वाट्याला ‘वा’शिवाय दुसरं काही येणं शक्यच नाही. ‘वा’ लिहायला दोन सेकंद पुरतात, आणि काहीच न लिहिणं तुसडेपणाचं वाटतं, म्हणून माणूस तेवढं लिहून पुढे सरकतो.

जाणकार गप्प का होतात तेही याच हिशेबात आहे. एखाद्याने वीस मिनिटं खर्चून नीट निरीक्षण लिहिलं, आणि तासाभरात त्याच्यावर चार नवी चित्रं नि चाळीस अंगठे येऊन बसले. मूळ चित्रकाराच्याही ते नजरेतून सुटलं. असं तीन-चार वेळा झालं की तो लिहिणं सोडतो. त्याला राग आलेला नसतो. आपलं लिहिणं वाहून जातंय एवढं त्याला कळलेलं असतं. अशा माणसाला ‘तुम्ही हल्ली लिहीत नाही’ म्हणून आग्रह करण्यात अर्थ नाही. लिहिलेलं टिकेल अशी जागा आधी करा.

म्हणून पहिलं काम चित्रांची संख्या बांधण्याचं. सव्वाशे जणांच्या गटात चर्चेसाठी आठवड्याला आठ चित्रं घ्या, त्याहून जास्त नको. हिशेबाने सोळा निघतात, पण माणसांना आजारपण असतं, कामं असतात, म्हणून निम्मी धरायची. पाळी लावा: नाव नोंदवायचं, क्रमाने नंबर येईल, आणि स्वतःचं चित्र ठेवण्याआधी आधीच्या तीन चित्रांवर लिहिलेलं असलं पाहिजे. ही तीनची अट कडक वाटते, पण गट तिच्यावरच उभा राहतो. प्रत्येक चित्राला तीन प्रतिसाद हवे असतील तर प्रत्येकाने एक चित्र ठेवताना तीन प्रतिसाद देणं भागच आहे.

बाकीची चित्रं कुठे जातील? त्यांच्यासाठी वेगळं दालन ठेवा. तिथे कितीही चित्रं, कितीही अंगठे. कौतुकाला बंदी घालू नका. नवशिक्याला पहिल्या वर्षात कौतुकाची खरोखर गरज असते, आणि जो माणूस आज दालनात हसतखेळत वावरतो तोच उद्या चर्चेत येतो. चूक होते ती दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी केल्याने. लेकराच्या वाढदिवसाला आलेल्याने केकच्या चवीवर टीका केली तर सगळे त्याच्याकडेच बघतात. तशीच गत अभिनंदनांच्या रांगेत ‘हात जरा लांब झालाय’ लिहिणाऱ्याची होते. बोलणं बरोबर असतं, जागा चुकलेली असते.

जागेबद्दल एक तांत्रिक गोष्ट. साध्या मेसेज-गटात सगळं एकाच प्रवाहात वाहतं, तिथे ही व्यवस्था टिकत नाही. एका चित्राला एक स्वतंत्र धागा मिळेल अशी सोय हवी. टेलिग्रामच्या गटात टॉपिक उघडता येतात, डिस्कॉर्डवर थ्रेड असतात, आणि जुन्या पद्धतीची चर्चापीठं तर याच कामाची होती. धागा सात दिवस उघडा ठेवा, मग बंद करा. बंद होण्याची तारीख माहीत असली की लोक लिहितात. कायम उघड्या असलेल्या धाग्यावर ‘नंतर लिहू’ म्हणतात आणि ते राहून जातं.

आता चित्र दाखवण्याबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ऑनलाइन चर्चेतल्या कितीतरी गैरसमजांचं मूळ चित्रात नसून त्याच्या फोटोत असतं.

पडद्यावर आकारमान नाहीसं होतं. पिकासोचं ‘गेर्निका’ साधारण ३४९ बाय ७७७ सेंटिमीटर आहे, भिंतभर. दालीचं वितळत्या घड्याळांचं १९३१चं चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढं. फोनवर दोन्ही अंगठ्याएवढी. माप लिहिलेलं नसेल तर पाहणारा मनाने काहीतरी धरून चालतो. दीड मीटरच्या कॅनव्हासवर लांबून पाहण्यासाठी मारलेले रुंद फटकारे त्याला बोटभर कागदावरचे गिचमिड वाटतात, आणि तो ‘सफाई हवी’ असं लिहून जातो. चित्रकाराला वाटतं, याला काही कळत नाही. दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलेली नव्हती, एवढंच.

रंगांचं तसंच. फोनचा कॅमेरा जे काही समोर असेल ते सरासरीने मध्यम करड्याकडे नेतो. बर्फाचं किंवा धुक्याचं उजळ चित्र त्यामुळे मळकट येतं, आणि रात्रीचं गडद चित्र फिकटून त्यातल्या सावल्या धुरकट होतात. रंगसंतुलनही आपोआप ठरतं, म्हणून मुद्दाम पिवळसर ठेवलेलं चित्र कॅमेरा ‘सुधारून’ निळसर करतो. शिवाय फ्थॅलो टर्क्वाइजसारखे काही तेजस्वी निळे-हिरवे रंग साध्या पडद्याच्या रंगमर्यादेत मावतच नाहीत. कितीही चांगला फोटो काढला तरी ते थोडे मेलेलेच दिसतात. अशा चित्रावर ‘रंग फिके पडलेत’ असा शेरा आला तर त्याला आधारच नाही.

म्हणून चर्चेला येणाऱ्या प्रत्येक चित्रासोबत ठरावीक गोष्टी मागा. पूर्ण चित्राचा एक सरळ फोटो, कागदाची किंवा कॅनव्हासची कड चारही बाजूंनी दिसेल असा. रचनेवर बोलायचं तर चौकट नेमकी कुठे संपते ते दिसायलाच हवं. त्याच चित्राची एक कृष्णधवल प्रत. उजळ-गडदचे घोटाळे तीत ताबडतोब उघडे पडतात. जिथे शंका आहे त्या भागाचा, साधारण दहा बाय दहा सेंटिमीटरचा, जवळून घेतलेला एक फोटो. खाली लिहायचं ते माप, माध्यम, पृष्ठभाग, आणि समोर पाहून केलं, फोटोवरून केलं की मनाने. फोटो दुसऱ्याचा असेल तर तसंही सांगायचं.

फोटो काढताना चित्र भिंतीला समांतर उभं करा आणि कॅमेरा त्याच्या बरोबर मध्यासमोर, भिंग चित्राच्या पातळीला समांतर ठेवा. फोन अगदी जवळ नेऊ नका, त्याने कडा फुगतात. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. उजेड ढगाळ दिवसाचा किंवा थेट ऊन न येणाऱ्या खिडकीचा चांगला. दिवे वापरायचे तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. तैलरंगावर किंवा व्हार्निशवर चमक आली तर दिवे आणखी बाजूला सरकवा. चित्राशेजारी एक पांढरा आणि एक मध्यम करडा कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढला की पाहणाऱ्यालाही कळतं, फोटोचा रंग कुठे ढळलाय. लांब बाजू २००० पिक्सेल पुरते. मेसेजमधून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ॲप ते दाबून लहान करतं, आणि जलरंगाच्या वॉशमधल्या, म्हणजे पातळ पसरट थरातल्या, नाजूक छटांचे तुकडे पडतात.

चित्रासोबत प्रश्न हवा. ‘मत सांगा’ हा प्रश्न होत नाही. त्यावर जे येतं ते एकतर कौतुक असतं किंवा बोलणाऱ्याची स्वतःची आवडनिवड. चित्रकाराने एक किंवा दोन प्रश्न लिहावेत, तीन नकोत, आणि ते पाहून उत्तर देता येईल असे असावेत. ‘चांगलं झालंय का?’ याचं उत्तर पाहून देता येत नाही. ‘तुमची नजर आधी कुठे जाते आणि कुठे अडते?’ याचं येतं. अमूर्त चित्र असेल तर ‘वरचा करडा पट्टा पुढे येतो की मागे जातो?’ इतका साधा प्रश्नही चालतो. प्रश्न लिहिताना चित्रकार स्वतःच चित्राकडे पुन्हा बघतो, हा त्यातला मोठा लाभ. बऱ्याचदा प्रश्न लिहून होईपर्यंत त्याला उत्तर दिसलेलं असतं आणि तो चित्र मागे घेतो. तेही चांगलंच.

बोलण्याचा क्रम ठरवून द्यावा लागतो. यासाठी नवं काही शोधायची गरज नाही, कलाशिक्षणात पद्धती तयार आहेत. कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांचा चार पायऱ्यांचा क्रम जुना नि सोपा: आधी दिसतं त्याचं वर्णन, मग घटक एकमेकांशी कसे जोडलेत त्याचं विश्लेषण, मग अर्थ, आणि मूल्यमापन सगळ्यांत शेवटी. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास आखलेली पद्धत अजून पूर्ण न झालेल्या कामावरच्या चर्चेसाठी मला जास्त उपयोगी वाटते. तीत पाहणारे आधी त्यांच्या मनात काय उमटलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलावंत प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण ते तटस्थ असले पाहिजेत, म्हणजे प्रश्नाच्या पोटात मत दडवलेलं नको. शेवटी मत, आणि तेही ‘अमुक बाबतीत मला एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून. कलावंत नको म्हणू शकतो.

तटस्थ प्रश्न लोकांना सगळ्यात अवघड जातो. ‘आकाश इतकं जड का केलं?’ यात जड हे मत आहे. ‘आकाशाचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, ठरवताना काय मनात होतं?’ हा प्रश्न. सुरुवातीचे दोन महिने गटाच्या संचालकाने असे दडवलेल्या मताचे प्रश्न हळूच बदलून मागावेत, म्हणजे हात बसतो.

या पद्धती समोरासमोर बसून करण्यासाठी आहेत, तासाभरात पार पडतात. ऑनलाइन त्या सात दिवसांवर ताणाव्या लागतात. पहिल्या दोन दिवसांत फक्त वर्णन आणि नजरेचा प्रवास. चित्रकाराने तोवर एक अक्षर लिहायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे प्रश्न आणि पाहणाऱ्यांचे प्रश्न. चौथ्या-पाचव्या दिवशी मतं. सहाव्या दिवशी उपाय, चित्रकाराने मागितले तरच. सातव्या दिवशी चित्रकाराने पाच ओळी लिहायच्या: काय घेतलं, काय सोडलं, पुढे काय करून बघणार. या पाच ओळी कधीही वगळू देऊ नका. ज्यांनी वेळ खर्चला त्यांना त्याचं काय झालं ते यातूनच कळतं.

चित्रकाराच्या पहिल्या दोन दिवसांच्या मौनावर सगळ्यात जास्त कुरबुर होते. पण ते हवंच. कुणी लिहिलं ‘ही बाई वाट पाहतेय असं वाटतं’ आणि चित्रकाराने लगेच ‘नाही, ती झोपली आहे’ असं सांगितलं, की पुढचे सगळे झोपलेली बाई पाहू लागतात. चित्रातून काय पोचतंय हे कळायची संधी तिथेच संपली. पाहणाऱ्याचा ‘चुकीचा’ अर्थ ही चित्रकाराला फुकट मिळालेली माहिती असते.

एक चित्र घेऊन पाहू. जलरंग, २८ बाय ३८ सेंटिमीटर, पावसानंतरचा संध्याकाळचा रस्ता. दूर एक पिवळा दिवा, उजवीकडे कडेपासून दोन सेंटिमीटरवर लाल छत्री घेतलेली आकृती, खाली ओला रस्ता. चित्रकाराचा प्रश्न: रस्ता ओला वाटतो का, आणि नजर दिव्याकडे जाते का?

नेहमीचे प्रतिसाद असे येतात: ‘मस्त मूड पकडलाय.’ ‘प्रतिबिंबं अजून चांगली करता येतील.’ ‘छत्री काढून टाका.’ पहिल्यात माहिती नाही. दुसऱ्यात काय चांगलं नाही ते नाही. तिसऱ्यात कारण नाही आणि न मागितलेला उपाय आहे.

हेच पाच मिनिटं पाहिलेला माणूस कसं लिहील? ‘माझी नजर सगळ्यात आधी छत्रीवर जाते. चित्रात तोच एक शुद्ध लाल आहे आणि छत्रीची कड सगळीकडे कडक आहे. छत्रीचं टोक उजवीकडे रोखलेलं आहे, तिथून नजर चौकटीबाहेर पडते. दिवा मला तिसऱ्यांदा पाहताना सापडला. कृष्णधवल प्रतीत दिवा आणि त्यामागचं आकाश जवळजवळ एकाच टोनचे दिसतात, बहुधा म्हणून. रस्ता डावीकडे ओला वाटतो, उजवीकडे नाही. डावीकडे खांबाचं प्रतिबिंब खांबापेक्षा किंचित उजळ आहे आणि सरळ खाली उतरतं. उजवीकडे छत्रीचं प्रतिबिंब छत्रीइतकंच लाल, तितकंच कडक, आणि थोडं तिरकं आहे. तिथे ते मला रस्त्यावर पडलेल्या कापडासारखं दिसलं.’

या प्रतिसादात एकही विशेषण चित्राच्या बरेवाईटपणाबद्दल नाही, तरी चित्रकाराला सगळं कळतं. काय दिसलं, ते चित्रात कुठे आहे, आणि त्याने पाहणाऱ्याचं काय झालं, हे तिन्ही भाग त्यात आहेत. संग्रहालयांत वापरली जाणारी, ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांची पद्धतही याच खुंटीला धरून आहे: चित्रात काय चाललंय, तसं म्हणण्यासारखं तुम्हाला नेमकं काय दिसलं, आणि अजून काय सापडतंय. मधला प्रश्न गटाचं ब्रीद करून ठेवावा इतका मोलाचा आहे. कुणी ‘मस्त मूड’ लिहिलं तर त्याला उपदेश न करता एवढंच विचारा: ‘कशामुळे तसं वाटलं?’ काही जण खरंच परत येऊन लिहितात, आणि त्यांना आपणही पाहू शकतो हे तिथे पहिल्यांदा उमगतं.

सहाव्या दिवशी चित्रकाराने उपाय मागितला तर तो हाताला धरून सांगण्याइतका स्पष्ट असावा. छत्रीच्या प्रतिबिंबाची कड स्वच्छ ओल्या कुंचल्याने ओलावा, मिनिटभर थांबा, टिपकागदाने दाबून उचला, घासू नका. लाल रंग क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचा असेल तर तो कागदात मुरतो, पूर्ण उठणार नाही. तेव्हा त्यावर सुकल्यानंतर एक पातळ निळसर-करडा वॉश द्या. ‘प्रतिबिंब मऊ करा’ म्हणण्यात आणि यात किती अंतर आहे पाहा.

पाच मिनिटं पाहणं ही मागणी अवास्तव नाही, पण ती सवयीविरुद्धची आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे जात होते. मुद्दाम चित्रं बघायला आलेली, मूळ चित्रासमोर उभी असलेली ही माणसं. फोनवर बोट सरकवणाऱ्याकडून आपोआप पाच मिनिटं मिळणार नाहीत. मागितली तर मिळतात. साधी युक्ती सांगतो: लिहिण्याआधी चित्र न बघता कागदावर त्याचे मोठे चार-पाच आकार आठवून काढायचे, आणि मग ताडून पाहायचं. जे आठवलं नाही तेच बहुधा चित्रातलं कच्चं ठिकाण असतं, किंवा पाहणाऱ्याने वगळलेलं.

नीट आखलं तरी काही गोष्टी बिघडतातच. सगळ्यात नेहमीची म्हणजे पहिल्या प्रतिसादाचं वजन. गटातल्या ज्येष्ठाने ‘डावी बाजू रिकामी वाटते’ लिहिलं की पुढच्या सहा जणांना डावी बाजू रिकामीच दिसते. नवा माणूस तर वेगळं दिसलं तरी बोलत नाही. उपाय असा की पहिल्या दोन दिवसांचे प्रतिसाद धाग्यावर न टाकता संचालकाकडे पाठवायचे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे एकदम ठेवायचे. काम वाढतं, पण जिथे दोन-तीन दबदब्याची माणसं आहेत तिथे याला पर्याय नाही. आणि ज्येष्ठांना हे खासगीत सांगा, चारचौघांत नको.

दुसऱ्याच्या चित्रावर फोनमध्ये परस्पर रंगवून ‘असं करा’ म्हणून परत टाकणं, हे गटात अजिबात चालू देऊ नका. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरी चित्र एका क्षणात त्याचं होऊन जातं, आणि मूळ चित्रकाराकडे दुसऱ्याचं उत्तर उरतं, स्वतःचा प्रश्न हरवतो. पारदर्शक थरावर बाण, चौकट किंवा नजरेचा मार्ग काढून दाखवायला हरकत नाही, विचारून.

‘हे तर कुणीही काढेल’ आणि ‘हुबेहूब काढण्यात कसली कला?’ ही एकाच भांडणाची दोन टोकं आहेत. ती चित्राखाली कधीच सुटत नाहीत. असं वाक्य आलं की ते धाग्यातून उचलून वेगळ्या चर्चेत न्या, तिथे हवं तितकं बोला. चित्राच्या धाग्यावर चित्रकाराचा उद्देश धरूनच बोलायचं. हुबेहूब व्यक्तिचित्रावर ‘सैल रंगवा’ हा सल्ला निरुपयोगी असतो, डोळ्यांच्या खोबणीचा कोन चुकलाय हा उपयोगी. कृत्रिम बुद्धिमत्तेने (AI) घडवलेल्या चित्रांबद्दलही हेच: कुठे नि किती वापर केला ते आधी लिहायचं, आणि त्याच्या चांगल्यावाईटाचा वाद वेगळ्या ठिकाणी. लपवलेलं नंतर उघडं पडलं तर गटाचा एकमेकांवरचा विश्वास जातो, आणि तो परत यायला फार दिवस लागतात.

वादांहून मला जास्त काळजी वाटते ती शांततेची. एखाद्याने धीर करून चित्र ठेवलं, नीट प्रश्न लिहिला, आणि चार दिवस कुणी फिरकलंच नाही. कठोर टीका माणूस पचवतो, ही शांतता पचवत नाही. त्याला वाटतं, माझं चित्र बोलण्याच्याही लायकीचं नाही. प्रत्यक्षात प्रत्येकाने ‘दुसरा कुणीतरी लिहील’ असं धरलेलं असतं. म्हणून प्रत्येक चित्राला दोन पाहणारे आधीच नेमून द्या, नावानिशी. नावाने सांगितलेलं काम होतं, ‘सर्वांनी लिहावं’ म्हटलेलं होत नाही. नेमणूक करताना एक त्या माध्यमातला जाणकार आणि एक पूर्ण बाहेरचा घ्या. जलरंगाच्या चित्राला मातीकाम करणारा द्या. त्याला वॉश कळत नाही, पण वजन कळतं, उभं-आडवं कळतं, आणि तो असं काही पाहतो जे जलरंगवाले सवयीने ओलांडून जातात.

जुने सदस्य जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे तेच ते प्रश्न. कुठला कागद, कोणता कुंचला, चित्र पुसू नये म्हणून फिक्सेटिव्ह लावावं का. हे प्रश्न विचारणाऱ्याला नवे असतात, उत्तर देणाऱ्याची विसावी वेळ असते. वारंवार येणाऱ्या दहा प्रश्नांची उत्तरं एकदाच नीट लिहून एका ठिकाणी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तपासा. नव्याला तिथे पाठवताना ‘आधी शोधायचं होतं’ हे वाक्य नको. दुवा द्या आणि त्याच्या चित्राबद्दल एक प्रश्न विचारा.

शेवटी संचालकाबद्दल. हे सगळं एका माणसाने केलं तर तो वर्षभरात दमतो, आणि दमलेला संचालक चिडका होतो. तिघं असावेत, दर महिन्याला एकाकडे सूत्रं. आठवड्याचं काम चार ते पाच तासांचं आहे: पाळ्या लावणं, फोटो परत मागवणं, नेमणुका, पहिल्या दोन दिवसांचे प्रतिसाद गोळा करणं, सातव्या दिवसाच्या पाच ओळींची आठवण. ज्याच्या हाती सूत्रं, त्याने त्या महिन्यात मत देऊ नये. त्याने फक्त विचारावं.

आणि सुट्टी ठेवा. आठ आठवडे चर्चा, तीन आठवडे बंद. बंद काळात दालन चालू राहू द्या. चित्रकारांना चित्रं काढायला वेळ लागतो, आणि सतत चालणाऱ्या चर्चेत लोक चर्चेला ठेवण्यासाठी चित्रं करू लागतात. ती ओळखू येतात: प्रश्न आधी तयार असतो, चित्र त्याच्या मागून आलेलं असतं. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा जुन्या कामासाठी ठेवा. ज्यांनी मागच्या फेरीत चित्र ठेवलं होतं त्यांनी बदललेलं चित्र मूळ चित्राशेजारी ठेवायचं, प्रश्न न लिहिता. ज्याने छत्रीबद्दल लिहिलं होतं तो त्या आठवड्यात नक्की येतो, छत्रीचं काय झालं ते बघायला.